शिबिर आटोपल्यानंतरची पिशवी



गेल्या हिवाळ्यात चिंचपाड्याच्या परिसरातील एका पाड्यावर रक्ततपासणीच्या शिबिरास जाण्याचा योग आला. नवापूर तालुक्यातील हे गाव उधना–जळगाव लोहमार्गावर आहे. स्थानक लहान, भोवती शेती आणि डोंगर, वस्ती बहुतांशी आदिवासी बांधवांची. ख्रिस्ती मिशनचे जुने रुग्णालयही याच गावात आहे. नंदुरबार जिल्ह्यात सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराचे प्रमाण मोठे आहे. या विकाराच्या निर्मूलनासाठी केंद्र शासनाने १ जुलै २०२३ रोजी राष्ट्रीय मोहीम आरंभली, आणि तेव्हापासून अशा तपासण्यांना चांगलीच गती आली आहे. हे शिबिर भरविले होते आपल्याच समाजातील काही व्यापारी तरुणांनी. कापडपेढी, किराणा, औषधाचे दुकान असे उद्योग सांभाळून रविवारचा दिवस त्यांनी या कामाला दिला होता. व्यवस्था चोख होती. सावलीला मंडप, बसायला सतरंज्या, मुलांना राजगिऱ्याचे लाडू, आणि नोंदवहीत प्रत्येकाचे नाव सुवाच्य अक्षरात.

दुपारी चारच्या सुमारास शेवटच्या माणसाच्या बोटाचा थेंब घेऊन झाला. आवराआवर सुरू झाली. टोचण्याच्या बारीक सुया, ज्यांना लॅन्सेट म्हणतात, रक्ताचे बोळे, काचेच्या पट्ट्या, हातमोजे, हे सर्व एका पातळ कॅरीबॅगमध्ये कोंबून एका स्वयंसेवकाने ती पिशवी जीपच्या मागच्या बाजूला ठेवली. शेजारीच जेवणाचे डबे होते. मी विचारले, "बेटा, ही पिशवी कुठे नेणार?" तो क्षणभर थांबला, मग म्हणाला, "काका, वाटेत कुठेतरी टाकून देऊ, नाहीतर नवापुरात कचऱ्याच्या गाडीत."

त्या मुलाचा मला राग आला नाही. हा प्रश्न त्याला आजवर कोणी विचारलाच नव्हता. शिबिराच्या निमंत्रणपत्रिकेत उद्घाटक होते, प्रमुख पाहुणे होते, अल्पोपाहाराचे सौजन्य होते. या पिशवीचे सौजन्य मात्र कोणाच्याच नावावर नव्हते.

कायदा याविषयी अगदी स्पष्ट आहे, आणि तो आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक आहे म्हणून सांगतो. जैववैद्यकीय कचऱ्याचे नियम आपल्याकडे प्रथम १९९८ साली आले. २०१६ मध्ये ते नव्याने लिहिले गेले. या नव्या नियमांच्या कक्षेत रुग्णालये, दवाखाने, पॅथॉलॉजी लॅब आणि रक्तपेढ्या तर आहेतच. शिवाय आरोग्य शिबिरे, लसीकरण शिबिरे आणि रक्तदान शिबिरेही नाव घेऊन समाविष्ट केलेली आहेत. म्हणजे महावीर जयंतीच्या दिवशी स्थानकाच्या सभागृहात रक्तदान शिबिर घेणारे आपले मंडळही त्यात आले. शिबिर कोणी भरविले, हे ज्या फलकावर लिहिलेले असते, त्याच फलकावर जबाबदारीही लिहिलेली असते. वाचता येत नाही, एवढेच.

पिशवीतल्या त्या वस्तूंचे भय किती बाळगावे? अवास्तव भीती घालणे मला आवडत नाही, म्हणून आकडे देतो. हिपॅटायटिस-बी असलेल्या रुग्णाच्या रक्ताने माखलेली सुई लस न घेतलेल्या माणसाला टोचली, तर लागण होण्याची शक्यता शंभरात ६ ते ३० इतकी मानली जाते. हिपॅटायटिस-सी साठी ती शंभरात सुमारे २, तर एचआयव्हीसाठी हजारात ३ एवढी आहे. हे आकडे पोकळ सुयांचे. लॅन्सेट भरीव असते, तिच्यात रक्त कमी राहते, त्यामुळे धोकाही कमी. पण तो शून्य नव्हे. लोकांना सर्वाधिक धास्ती एचआयव्हीची असते. प्रत्यक्षात हिपॅटायटिस-बी चा विषाणू कितीतरी अधिक चिवट असून वाळलेल्या रक्तातही सात दिवस टिकू शकतो. रविवारी फेकलेली सुई पुढच्या शनिवारीही निरुपद्रवी झालेली नसते. मग ती कोणाच्या पायात जाते? बहुधा अनवाणी चालणाऱ्याच्या, किंवा कचऱ्यातून प्लास्टिक वेचणाऱ्या लेकराच्या हातात.

मी हे पुस्तकातून सांगत नाही. चाळीसएक वर्षांपूर्वी मी एका प्रयोगशाळेत उमेदवारी करीत होतो. गाव आणि संस्था सांगण्याचे प्रयोजन नाही, कारण त्या काळी बहुतेक ठिकाणी असेच चालत असे. रक्ताचा द्रव काचेच्या नळीत तोंडाने ओढून घेण्याची पद्धत होती. हातमोजे शस्त्रक्रियेसाठी राखून ठेवलेले असत. वापरलेल्या सुया परत टोपणात घालायच्या आणि टेबलाखालच्या बादलीत टाकायच्या. ती बादली रिकामी करणाऱ्या एक मावशी होत्या. एके दिवशी बादलीत हात घालताना त्यांच्या बोटात काही टोचले. त्यांनी पदराची चिंधी बांधली आणि काम पुढे चालू ठेवले. कोणाला सांगितले नाही, सांगितले असते तर "नीट पाहून हात घालता येत नाही का?" असेच ऐकावे लागले असते. तीनेक महिन्यांनी त्यांचे डोळे पिवळे दिसू लागले. त्या जगल्या, पण यकृत कायमचे अधू झाले, आणि काम सुटले ते सुटलेच. त्या आठवड्यात रक्त काढण्याचे काम माझ्याकडे होते. सुई माझ्याच हातची असावी, असे मला तेव्हाही वाटले आणि आजही वाटते. त्या वेळी हिपॅटायटिस-बी ची लस परदेशातून येई, आणि तिची किंमत मावशींच्याच काय, माझ्याही आवाक्यातली नव्हती. १९९७ साली हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्सने देशी लस बाजारात आणली, त्यानंतर ती सामान्य माणसाच्या हाती आली. आता नियमानेच प्रयोगशाळेतील आणि कचरा हाताळणाऱ्या प्रत्येक कर्मचाऱ्यास हिपॅटायटिस-बी आणि धनुर्वाताची लस देणे मालकावर बंधनकारक आहे.

चांगली प्रयोगशाळा हे काम कसे करते, ते थोडे विस्ताराने सांगतो. कारण आपल्यापैकी अनेकांच्या इमारतीत भाड्याने लॅब असते, आणि अनेक न्यास स्वतःच्या लॅब चालवितात.

पहिली गोष्ट, सुईला परत टोपण घालायचे नाही. ती जागच्या जागी नीडल कटरने कापायची आणि पांढऱ्या, पारदर्शक, टोचून भेदली जाणार नाही अशा डब्यात टाकायची. डबा तीन चतुर्थांश भरला की बंद. दाबून आणखी भरण्याचा मोह टाळायचा. रक्ताचे बोळे पिवळ्या पिशवीत, सिरिंज, नळ्या आणि हातमोजे लाल पिशवीत, काच निळ्या खुणेच्या खोक्यात. एवढे रंग भिंतीवरच्या तक्त्यात सर्वत्र दिसतात. परंतु प्रयोगशाळेला आणखी एक बंधन आहे आणि तेथेच बहुतेक ठिकाणी हलगर्जी होते. जंतूंची वाढ केलेल्या थाळ्या, रक्ताचे नमुने, रक्ताच्या पिशव्या या गोष्टी तशाच गाडीत चढवायच्या नसतात. त्या प्रयोगशाळेतच आधी निर्जंतुक करून मगच सामायिक प्रक्रिया केंद्राच्या गाडीकडे सोपवायच्या. थाळीत एका जंतूचे कोट्यवधी झालेले असतात. रोग्याच्या शरीरात जितका धोका नसेल, तितका त्या थाळीत असतो.

निर्जंतुक करण्याचे यंत्र म्हणजे ऑटोक्लेव्ह, आपल्या स्वयंपाकघरातल्या प्रेशर कुकरचा थोरला भाऊ. १२१ अंश सेल्सिअस तापमान आणि चौरस इंचास १५ पौंड दाब ही त्याची नेहमीची मोजणी. कचऱ्यासाठी नियमांत ही वेळ किमान ६० मिनिटे दिली आहे. गृहिणींना पटकन कळेल असा एक मुद्दा येथे आहे. कुकर ठासून भरला तर मधली डाळ कच्ची राहते. ऑटोक्लेव्हमध्ये पिशव्या ठासून भरल्या तर मधले जंतू तसेच जिवंत राहतात, आणि घड्याळ मात्र साठ मिनिटे पूर्ण झाल्याचे सांगते. म्हणून अधूनमधून उष्णतेला अतिशय दाद न देणाऱ्या एका निरुपद्रवी जिवाणूच्या बीजाणूंची कुपी मध्यभागी ठेवून पाहतात. ते बीजाणू मेले, तर बाकी सारे मेले असे मानायचे. कुपी फारशी महाग नसते. ती किती ठिकाणी वापरली जाते, हे विचारून पाहण्यासारखे आहे.

क्षयरोगाच्या तपासणीसाठी जो बेडका गोळा होतो, त्याच्या डब्या उघड्या ठेवून त्यांत ५ टक्के फिनॉलचे द्रावण ओतून रात्रभर राहू देतात आणि मग पुढची विल्हेवाट लावतात. टेबलावर रक्त सांडले तर आधी कापूस किंवा कागद टाकून ते झाकायचे, त्यावर सोडियम हायपोक्लोराइटचे १ टक्क्याचे द्रावण ओतून काही मिनिटे थांबायचे, नंतर पुसायचे. हे द्रावण दररोज ताजे करावे लागते. सकाळी बनविलेले उघड्या बादलीतले द्रावण चार दिवसांनी केवळ वास येणारे पाणी उरते. जुना माल नव्या दराने खपविण्याचा हा प्रकार आपण दुकानात सहन करणार नाही. लॅबमध्ये तो डोळ्यांना दिसत नाही.

चिंचपाड्यासारख्या ठिकाणी अडचण वेगळी आहे. मोठ्या शहरात कचऱ्याची गाडी रोज दारात येते. पाड्यावर ती कशी येणार? नियम सांगतो की प्रक्रिया न केलेला रक्ताळलेला कचरा ४८ तासांपेक्षा अधिक साठवू नये. जेथे सामायिक केंद्राची सोय पोहोचतच नाही, अशा दुर्गम भागात परवानगीने खोल पुरण्याची मुभा आहे. खड्डा सुमारे दोन मीटर खोल, अर्धा कचऱ्याने भरला की वर चुना आणि मग माती. जवळपास उथळ विहीर नको, जनावरांना पोहोचता येऊ नये म्हणून जाळी हवी. नवापूर तालुक्यातला पाऊस ज्यांनी पाहिला आहे त्यांना विहिरीची अट का, हे वेगळे सांगायला नको. येथले पाणी शेवटी तापीच्या खोऱ्यातच उतरते.

आपल्या नवापूरच्या वाचकांना संसर्गजन्य वस्तू म्हणजे काय याचा अनुभव देशात सर्वांच्या आधी आला आहे. २००६ च्या फेब्रुवारीत भारतातील बर्ड फ्लूचा पहिला उद्रेक नवापूरच्याच कुक्कुटपालन केंद्रांत नोंदला गेला. मेलेल्या पक्ष्यांचे नमुने भोपाळच्या उच्च सुरक्षा पशुरोग प्रयोगशाळेत गेले आणि १८ फेब्रुवारीला एच५एन१ विषाणूचे निदान जाहीर झाले. आजारी माणसांचे नमुने पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेत तपासले गेले; एकाही माणसात तो विषाणू आढळला नाही. पुढे लाखोंच्या संख्येने पक्षी मारून पुरण्यात आले. त्या दिवसांचे वर्णन या मासिकात करणे मला शक्य नाही, आणि वाचकांनाही ते सोसवणार नाही. परंतु एक गोष्ट त्या वेळेपासून मनात राहिली आहे. रोग कोंडून ठेवता आला नाही की मग त्याच्या भोवतीचा जीव कोंडून मारावा लागतो. २०२१ च्या फेब्रुवारीत नवापुरात पुन्हा तीच वेळ आली.

त्या नमुन्यांचा प्रवास लक्षात घेण्यासारखा असतो. घट्ट झाकणाची कुपी, तिच्याभोवती सांडलेला द्रव शोषून घेईल असा कापूस, ते सारे न गळणाऱ्या दुसऱ्या डब्यात, तो डबा बर्फासह तिसऱ्या भक्कम पेटीत. कागदपत्रे आत कुपीपाशी नव्हेत, तर दुसऱ्या डब्याच्या बाहेर, म्हणजे ती हाताळणाऱ्याचा हात सुरक्षित राहतो. मौल्यवान हिरा पाठविणाऱ्या पेढीनेही एवढी काळजी घेऊ नये! परंतु निदान होईपर्यंतच नमुना मौल्यवान. अहवाल छापला की त्याच नमुन्याचा कचरा होतो आणि तीच माणसे त्याच्याकडे पाहीनाशी होतात. विषाणूला अहवाल निघाल्याचे कळत नाही.

मोठ्या संस्थांनाही हे धडे किंमत मोजूनच मिळाले. पुण्याची ही संस्था १९५२ साली व्हायरस रिसर्च सेंटर या नावाने सुरू झाली. १९५७ मध्ये कर्नाटकातील क्यासानूरच्या जंगलात नवा ताप सापडला, आणि त्याच्या विषाणूवर काम करताना प्रयोगशाळेतल्याच अनेकांना लागण झाली. आज त्याच संस्थेत सर्वोच्च म्हणजे चौथ्या सुरक्षा-स्तराची प्रयोगशाळा आहे. ती २०१२ साली उभी राहिली.

आता आपल्या, म्हणजे व्यापाऱ्यांच्या, बाजूचा थोडा अवघड विषय. २००९ च्या आरंभी गुजरातेत मोडासा भागात हिपॅटायटिस-बी ची साथ आली आणि अनेक माणसे दगावली. वापरलेल्या सिरिंज पुन्हा वापरल्या गेल्याचे पुढे आले, आणि त्याबरोबर अशा सिरिंजचा भंगारातला व्यापारही उघडकीस आला. लाल पिशवीतले प्लास्टिक विकता येते, हे खरे आहे. नियमही त्याला ना म्हणत नाही. पण आधी निर्जंतुकीकरण, मग तुकडे, मग परवानाधारक पुनर्प्रक्रियाकार, अशी ती वाट आहे. तुकडे करण्याचा हेतू हाच की ती सिरिंज पुन्हा सिरिंज म्हणून विकली जाऊ नये. सलाइनच्या बाटल्या किलोच्या भावाने दारावर विकत घेणारा आला, तर तो भाव कशाचा आहे, हे वजनकाट्यावर बसणाऱ्याने विचारलेच पाहिजे. ज्यांचा भंगाराचा किंवा प्लास्टिकच्या दाण्याचा धंदा आहे अशा दोन परिचितांनी मला सांगितले की ते असा माल घेत नाहीत. तिसऱ्याने विषय बदलला.

आपल्या परंपरेत पाच समितींचा उपदेश आहे. त्यांतील आदान-निक्षेपण समिती म्हणजे वस्तू उचलताना व ठेवताना पाळायची जयणा; आणि उत्सर्ग किंवा परिष्ठापनिका समिती म्हणजे मल, मूत्र, कफ यांसारख्या गोष्टी जीवांना पीडा होणार नाही अशा जागी, पाहून-पारखून विसर्जित करण्याची जयणा. जुन्या ग्रंथांत आधुनिक जंतुशास्त्र होते असे म्हणण्याची मला हौस नाही, आणि तसे म्हणणाऱ्यांची भाषणे मी टाळतो. पण टाकण्याच्या क्रियेलाही एक स्वतंत्र व्रत मानावे, घेण्याइतकेच टाकणेही लक्ष देऊन करावे, ही दृष्टी फार थोड्या परंपरांनी दिली. साधू-साध्वींच्या नित्यक्रमात ती आजही दिसते. शिबिरातील सुई उचलताना आपला तरुण दक्ष होता. टाकताना तो दमलेला होता.

एका वाचकाने मागे विचारले होते की ऑटोक्लेव्हमध्ये असंख्य सूक्ष्म जीव मारले जातात, मग अशा यंत्रासाठी दान देणे योग्य का? प्रश्न प्रामाणिक आहे आणि त्याचे अंतिम उत्तर देण्याचा अधिकार माझा नाही, तो साधुसंतांचा. गृहस्थ म्हणून मला एवढेच दिसते की ते यंत्र नसले तर हिंसा थांबत नाही. ती सफाई करणाऱ्या मावशींच्या वाट्याला जाते.

दानाचा विषय निघालाच आहे तर सांगतो. तपासणीची यंत्रे देणारे दाते आपल्याकडे भरपूर आहेत, आणि त्यांच्या नावाच्या पाट्या पाहून समाधान वाटते. यंत्र देताना त्याच्या मागच्या दाराचाही खर्च द्यावा: ऑटोक्लेव्ह, नीडल कटर, कचरा नेणाऱ्या केंद्राची वार्षिक वर्गणी, आणि कचरा हाताळणाऱ्या प्रत्येकास हिपॅटायटिस-बी च्या लशीचे तीन डोस, पहिला आज, दुसरा एक महिन्याने, तिसरा सहा महिन्यांनी. मोठ्या यंत्राच्या किमतीपुढे ही रक्कम किरकोळ आहे. पाटी लावायची तर त्यावरही लावावी, कोणाची हरकत नाही.

सुई टोचलीच तर काय करावे, हेही शिबिराच्या टेबलावर लिहून ठेवावे. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवावी, पिळू नये, तोंडात घालू नये. लगेच वरिष्ठांना सांगावे आणि रुग्णालय गाठावे. एचआयव्ही-प्रतिबंधक औषध शक्य तर दोन तासांत सुरू व्हावे. ७२ तासांनंतर त्याचा उपयोग राहत नाही. आणि सांगणाऱ्याला कोणी रागावू नये. मावशींच्या बाबतीत झाले ते तेवढ्यामुळेच.

चिंचपाड्याच्या त्या पिशवीचे काय झाले, हे सांगायचे राहिले. औषधाच्या दुकानवाल्या तरुणाने जीपमधून जाड प्लास्टिकचा रिकामा तेलाचा डबा काढला. आम्ही दोघांनी चिमट्याने एकेक लॅन्सेट वेचून त्यात टाकली, झाकण घट्ट लावून चिकटपट्टी गुंडाळली आणि वर "वापरलेल्या सुया, उघडू नये" असे लिहिले. तालुक्यातल्या एका रुग्णालयाच्या प्रयोगशाळेने आपल्या कचऱ्याबरोबर तो डबा आणि बोळे स्वीकारले. वेचायला पाऊण तास लागला. परतायला अंधार झाला आणि एका प्रमुख पाहुण्यांची गाडी चुकली. पुढच्या शिबिरासाठी त्या मंडळींनी रुग्णालयाशी आधीच लेखी ठरवून घेतले आहे, असे परवा कळले.

पत्रोत्तर: एका भगिनीने विचारले आहे की घरात सासूबाईंना इन्शुलिन द्यावे लागते, रोजच्या सुया कोठे टाकाव्यात? घनकचऱ्याच्या २०१६ च्या नियमांनी घरातल्या वापरलेल्या सुयांना "घरगुती घातक कचरा" मानले होते. ओल्या किंवा सुक्या कचऱ्यात त्या टाकू नयेत. फिनाइलची किंवा कपडे धुण्याच्या द्रवाची जाड बाटली घ्यावी, सुई वापरताच टोपण न लावता तीत सोडावी, बाटली मुलांच्या हाताला लागणार नाही अशा फळीवर ठेवावी. तीन चतुर्थांश भरली की झाकणावर चिकटपट्टी लावून, नाव लिहून, आपल्या डॉक्टरांकडे किंवा जवळच्या लॅबमध्ये स्वीकारतील का ते विचारावे. पहिल्यांदा नाही म्हटले तर दुसऱ्या महिन्यात पुन्हा विचारावे.